उजवा कौल

आमच्याकडे माणसं डॉक्टरकडून गोळ्या आणतात आणि त्या घ्यायच्या की नाही ते देवाला विचारतात. विचारायची रीत ठरलेली आहे. गुरव पाषाणाला पाणी लावून त्यावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि मग सगळे त्या पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. ह्याला कौल लावणं म्हणतात. लग्न, विहीर, कोर्टातली केस, मुंबईची नोकरी, सगळं ह्या पाकळ्यांवर चालतं. मी कणकवलीच्या एका शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे हे म्हणजे शेवटी नाणं उडवणंच, असं माझं मत होतं. ते मोठ्याने बोलायची सोय नव्हती, कारण गावात राहायचं होतं.

माझ्या आईला कौलाचा राग नव्हता. लोक तिलाच कौल लावायला यायचे, त्याचा तिला राग होता.

आई उपकेंद्रात नर्स होती. खाडीच्या दोन्ही काठांवरची बाळंतपणं तिने केली. कळा येत असलेल्या बाईचा हात धरून ती सांगायची, ‘श्वासाकडे बघ. आत गेलो, भायर इलो. बाकी काय करू नको.’ बाळंत झालेल्या बायका पुढे झोप लागत नाही म्हणून तिच्याकडे यायला लागल्या. मग त्यांच्या सासवा आल्या, मग दारू सोडायची होती ते नवरे आले. निवृत्त झाल्यावर तिने घराशेजारच्या मांगरातलं, म्हणजे कोठाराच्या खोपीतलं, गवत आणि नारळ काढून टाकले, शेणाने जमीन सारवली आणि तिथे रोज सकाळी माणसं बसवायला सुरुवात केली. पुढे पुण्या-मुंबईहून गाड्या यायला लागल्या. ती सगळ्यांची माई झाली. मी तिला आये म्हणायचे. आये म्हणणारी मी एकटीच राहिले होते आणि त्याचा मला गुपचूप अभिमान होता.

मांगरात देवाची तसबीर नव्हती. भिंतीत एक खिळा होता, त्याला पूर्वी सूप टांगलेलं असायचं. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, “माई, समोर काय ठेवायचं?” आई म्हणाली, “भिंत आसा मा.” कोणी सांगितलं की डोळे मिटल्यावर उजेड दिसला, तर ती म्हणायची, “डॉक्टराक दाखव, मोतीबिंदू आसतलो.” ध्यानाला बसायला लागल्यावर ज्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या त्यांना तिने सगळ्यांसमोर झापलेलं मी ऐकलं आहे. “ध्यान केलंस म्हणान गोळी सोडूची नाय. श्वास बघूक जिवंत रवाक होया.”

आणि तरीही लोक विचारायचे. माई, जमीन विकू काय? माई, ह्या मुलीला होकार देऊ काय? ती हात झटकायची. “मी पाषाण न्हय. माझ्यार पाकळी चिकटूची नाय. बस थंय, आणि तुझा तूच बघ.” माणूस हिरमुसून बसायचा. तास-दीड तासाने उठायचा तेव्हा बहुतेकदा त्याचं त्याला काहीतरी उमगलेलं असायचं. नसलं उमगलं तरी चहा मिळायचाच.

मी मात्र कधी बसले नाही. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा घोरले. ती हसली होती. “झोपतंस तर झोप. झोपलला माणूस कोणाचा वाकडा करणा नाय.” मी शनिवारी कणकवलीहून एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. ते दोन दिवस मांगरातल्या गर्दीचा चहा करण्यात जायचे. आईशी बोलायचं असलं की मला ती स्वयंपाकघरात एकटी सापडेपर्यंत थांबावं लागे. सापडली तरी काय बोलावं सुचायचं नाही, मग आम्ही माशांबद्दल बोलायचो. बांगडा महागला, सुरमई बर्फातली आहे, असलं. मला वाटायचं, मी निवृत्त झाल्यावर खूप वेळ मिळेल.

गुरुवारी तिचं मौन असायचं. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत ती एक शब्द बोलायची नाही, खुणाही करायची नाही. मांगरात जाऊन भिंतीला पाठ लावून बसायची. त्या दिवशी येणाऱ्यांनीही बोलायचं नाही, नुसतं येऊन बसायचं. दिवा लागला की ती डोळे उघडायची आणि म्हणायची, “चला, च्या टाका.” ह्या वाक्याने मौन सुटायचं. पुण्याची मंडळी आपसात ह्या वाक्याचे अर्थ लावत. त्याचा अर्थ चहा टाका एवढाच होता.

असाच एक गुरुवार. मी शाळेत होते. घरी आईच्या सोबतीला आमच्या शेजारची आंटी होती. ती ख्रिस्ती, नवरा गोव्यात हॉटेलात होता तो वारला, मुलं परदेशी. आईने तिची तिन्ही बाळंतपणं केलेली, आणि मांगरात बसायला आलेली ती पहिली. रविवारी चर्च, बाकी रोज मांगर. तिने सकाळी पेज आणून आईसमोर ठेवली. आईने हात लावला नाही. गुरुवारी कधीकधी ती खायची नाही, म्हणून आंटी काही बोलली नाही. लोक येत गेले, नमस्कार करून बसत गेले. आई किंचित उजवीकडे कलली होती. तोंड जरासं उघडं होतं. कोणी हलवलं नाही. हलवायचं नाही हाच तर गुरुवारचा नियम.

दिवा लागला. सगळे ‘च्या टाका’ची वाट बघत बसले.

नंतर एका साधकाने, चांगला शिकलेला माणूस, मला भरल्या डोळ्यांनी सांगितलं, “ताई, त्या दिवशीचं ध्यान काही वेगळंच लागलं होतं. इतकी शांतता मी कधी अनुभवली नाही.” मला त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. मी म्हणाले, “असेल.” दुसरं काय म्हणणार? माझी आई त्यांच्यासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत अर्धांगाने मोडत होती आणि त्यांना शांतता लाभत होती. पण मी तरी तिथे असते तर काय केलं असतं? गुरुवारी मीसुद्धा तिच्या वाटेला जात नसे. म्हणून राग नेमका कोणावर काढायचा ते मला आजतागायत कळलेलं नाही. आंटी तर माझे पाय धरायला निघाली होती. “पेज निवत गेली गो, तरी माका वाटला मौनच आसा,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला जवळ घेतलं.

आधी ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेलं, तिथून त्यांनी गोव्याला पाठवलं. ॲम्ब्युलन्स इन्सुलीच्या नाक्यावरून गेली तेव्हा उजाडत होतं. गोव्याच्या डॉक्टरांनी डोक्याचे सगळे फोटो बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, “हे कधी सुरू झालं?” ते आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नाही. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर द्यायचं एक इंजेक्शन होतं. आता त्याचा उपयोग नव्हता.

बरेच दिवस ती बोललीच नाही. मग एका सकाळी चादर बदलायला आलेल्या बाईने सहज विचारलं, “मावशी, बरं वाटतंय?” आणि आई म्हणाली, “व्हय.”

स्पष्ट. तिच्याच आवाजात. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन हमसाहमशी रडले आणि मग दिसेल त्या नंबरला फोन केले. माई बोलली! सगळ्या गावाला, सगळ्या साधकांना मीच सांगितलं. साधकांच्या संस्थेचे अध्यक्ष सावंतवाडीला होते, त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

दुपारी नर्स आली. “आजी, जेवलात का?”

“व्हय,” आई म्हणाली. तिच्या नाकात नळी होती. गेले कित्येक दिवस तिने एक शीत गिळलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी नीट बसवून समजावलं. डोक्यातली बोलण्याची जागा गेली आहे. अशा पेशंटकडे कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो, आणि काहीही विचारलं तरी तोच बाहेर येतो. तो त्यांचं उत्तर आहे असं धरू नका. मी विचारलं, “पण तिला कळतं का आपण काय बोलतो ते?” ते म्हणाले, “थोडं कळत असेल. कदाचित बरंच कळत असेल. कदाचित नसेलही. बाहेरून सांगता येत नाही.” मी आयुष्यभर मुलांना सांगत आले होते की ज्याला उत्तर नाही असं गणित परीक्षेत येत नाही.

आम्ही तिला घरी आणलं. मी शाळा सोडली. पडवीलगतच्या खोलीत, जिथून मांगर दिसतो त्या खिडकीशी तिची खाट लावली. बघायला माणसं यायला लागली. आजाऱ्याला काय विचारतात ते आपल्याला माहीत असतं. बरं आहे ना? व्हय. ओळखलं ना? व्हय. माणसं डोळे पुसत बाहेर पडायची. मी गप्प राहायचे. एवढ्याने कोणाला बरं वाटत असेल तर वाटू दे.

पण माणूस तेवढ्यावर थांबतो थोडाच? कोणीतरी पहिला प्रश्न विचारला. कोण ते मला माहीत नाही, मी स्वयंपाकघरात होते. मुलाला आखातात पाठवू काय, असं काहीतरी होतं. माई व्हय म्हणाली, मुलाचा व्हिसा आला. झालं! महिन्याभरात आमच्या पडवीत चपला मावेनात. इतकी वर्षं जी बाई हात झटकायची ती आता प्रत्येकाला उत्तर देत होती, आणि उत्तर नेहमी उजवा कौल. देवळात निदान डावी पाकळी पडायची भीती असते.

मी सगळ्यांना सांगत होते. दारात उभी राहून सांगत होते. तिला एकच शब्द येतो हो, आजार आहे तो. लोक मान डोलवायचे आणि आत जायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

एक दिवस आचऱ्याकडची एक बाई आली. पायाला पट्टी होती, मधुमेहाची जखम. आत गेली, लगेच बाहेर आली, चेहरा अगदी उजळलेला. मला संशय आला. मी चहाचं आधण तसंच सोडून तिच्या मागे धावले आणि कुंपणाच्या गडग्यापाशी तिला गाठलं.

“काय विचारलंस गो माईक?”

“सुई बंद करू काय म्हणान. माईन व्हय म्हटल्यान.”

मी तिचे दोन्ही खांदे धरले. सांगितलं, रागावले, शेवटी हात जोडले. माईनेच हजार वेळा सांगितलं होतं की गोळी सोडायची नाही, तुला आठवत नाही काय? ती बिचारी घाबरली. म्हणाली, “तेव्हा सांगलला ता तेव्हा. आता माई वायली आसा. आता ती देवाच्या जवळ गेली.” ती आमच्या रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. तिने सुई चालू ठेवली की नाही मला माहीत नाही. नंतर ती आली नाही. मी तिच्या गावाच्या दोन-चार जणांकडे चौकशी केली, पण तिचं नावसुद्धा मी विचारून घेतलं नव्हतं.

त्यानंतर मी दाराला आतून कडी लावायला लागले. लोक म्हणाले, चेडवाने, पोटच्या मुलीने, माईला कोंडून ठेवली. आपलेच दात, आपलेच ओठ.

आता मांगराचं सांगते. मांगर आणि त्याच्याखालची जागा आईने पुष्कळ आधी साधकांच्या संस्थेला देऊन टाकली होती. माझी काही हरकत नव्हती, मी एकटी, मला काय करायची जागा? देताना तिने एक अट घातली होती, ती तोंडी. मी तिथेच भजी तळत होते, मी ऐकली आहे. ती म्हणाली होती, “मी आसा तवसर बसा. मी गेल्यावर थंय माझो फोटो नको, पादुका नको, काय एक नको. बसूचा आसला तर आपापल्या घरात भिंत आसा. मांगरात परत नारळ भरा.” अध्यक्ष तेव्हा समोर होते. त्यांनी होकार भरला होता.

हे अध्यक्ष वाईट माणूस नाहीत, तीच तर पंचाईत आहे. सावंतवाडीला बँकेत होते. बायको गेल्यावर जगायचं नाही असं ठरवून बसले होते, त्यांना आईने मांगरात आणून बसवलं. त्यांच्यासाठी मांगर म्हणजे त्यांचा परत मिळालेला जीव आहे. तिथे नारळ भरायचे ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. तिथे जांभ्याचं ध्यानमंदिर बांधायचं आणि मध्यभागी माईंची बसलेली मूर्ती, असं त्यांच्या मनाने घेतलं. मी त्यांना अटीची आठवण करून दिली. ते म्हणाले, “ताई, मला आठवते. मी दिलेला शब्द मोडणार नाही. आपण माईंनाच विचारू. त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला.”

गुरुपौर्णिमेला सगळे जमले. बाहेर पाऊस कोसळत होता, खोलीत माणसं दाटीवाटीने उभी, ओल्या छत्र्यांचा वास. अध्यक्ष खाटेजवळ गुडघे टेकून बसले.

“माई, मांगराच्या जागी ध्यानमंदिर बांधूया? तुमची मूर्ती बसवूया?”

“व्हय.”

मागून कोणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं आणि सगळ्यांनी ते उचललं, देवळात म्हणतात तसं. माझं डोकं फिरलं. मी पुढे घुसले आणि आईच्या उशाशी बसले.

“थांबा सगळ्यांनी. आता मी विचारते.” आणि मी आईकडे वळले. “आये, आज शिमगो आसा मा?”

“व्हय.”

“मी तुझो झील मा गो?” तिला मुलगा नाहीच, मी एकटी मुलगी.

“व्हय.”

“ह्या सगळ्यांका पावसात भायर हाकलूया?”

“व्हय.”

लोक हसायला लागले. प्रेमाने हसत होते. माईची गंमत चालली आहे असं त्यांना वाटत होतं. मी ओरडूनच विचारलं, “आये, मांगरात मूर्ती बसवची नाय मा? देऊळ नको मा?”

“व्हय,” आई म्हणाली, अगदी तशीच, त्याच सुरात.

“ऐकलंत?” मी अध्यक्षांना म्हणाले. “बांधू का, तर हो. बांधू नको का, तरीही हो. ह्याला काही अर्थ आहे का? तुम्ही बँकेत सह्या तपासायचात ना?”

त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना पटलं असं मला त्या क्षणी वाटलं. मग त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “ताई, असणं आणि नसणं दोन्हीला हो. आयुष्यभर त्यांनी हेच शिकवलं. आज आपल्याला कळलं.” आणि त्यांनी आईच्या पायावर डोकं ठेवलं.

मी हरले. गणित बरोबर मांडून, उत्तर बरोबर काढून, सगळ्यांसमोर फळ्यावर लिहून मी हरले. आंटी दारात उभी होती, तिने मला बाहेर नेलं आणि पाणी दिलं. ह्या सगळ्यांत ती एकटीच अशी होती जी आईला काही विचारायची नाही. रोज यायची, खाटेशी स्टूलवर बसायची, डोळे मिटायची, अर्ध्या तासाने उठून जायची. मी तिला एकदा म्हणाले, “आंटी, तू तरी कसा काय विचारणस नाय?” ती म्हणाली, “त्या दिसा विचारूक होया होता. आता काय विचारू?”

पाऊस सरल्यावर जेसीबी आला. मी वकिलाला भेटून आले होते. जागा त्यांची, कागद त्यांचे, आणि आईची अट हवेत. ती हवेतली अट ऐकलेले दोघेच, मी आणि अध्यक्ष. कौलं उतरवली, वासे काढले, भिंतीला धक्का दिला. तो खिळा असलेली भिंत सगळ्यात शेवटी पडली. आई खिडकीतून बघत होती. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. पण त्या डोळ्यातून पाणी येतंच, पापणी नीट मिटत नाही म्हणून. डॉक्टरांनी थेंब दिलेत, मी रोज घालते. तेव्हा ती रडत होती की नाही तेही मला सांगता येणार नाही. मी पदराने तिचा गाल पुसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा, फक्त तोंड तिचं आणि मार दोघींना.

जांभ्याचे चिरे आले. भिंती चढल्या. मूर्तिकार फोटो काढायला आला. मोठा अदबीचा माणूस. त्याने आईला दोन-चार बाजूंनी बघितलं आणि मला हळूच म्हणाला, “ताई, डाव्या बाजूने घेऊया. ती बाजू चांगली आहे.” मी आईचे केस विंचरून दिले. नाही म्हणून काय झालं असतं? जुन्या फोटोवरून केली असती.

मी एकदा कणकवलीला औषधं आणायला गेले होते. परतताना एसटीत एक तरुण बाई, पोटुशी, गाडी लागून कासावीस झाली. तिच्या शेजारची म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, “श्वासाकडे बघ. आत गेलो, भायर इलो. बाकी काय करू नको.” मी पुढच्या सीटवर होते. म्हातारीला विचारावंसं वाटलं, हे कोणी शिकवलं तुला? विचारलं नाही. मालवण येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. आईची वाक्यं सगळीकडे ऐकू येतात. घरी खाटेवर तेवढी नाहीत. मला हेवा वाटला त्या म्हातारीचा, खरंच सांगते.

परवा अध्यक्ष आले. मूर्तीचा मातीचा नमुना तयार झाला होता, त्याचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता. त्यांनी तो आईच्या डोळ्यांसमोर धरला. मूर्तीचं तोंड सरळ होतं. ओठ मिटलेले, मंद हसू. माझी आई असं कधी हसायची नाही, ती खो खो हसायची, पण ते संगमरवरात कुठून येणार?

“माई, जमलीय ना?”

“व्हय.”

ते समाधानाने गेले. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले, कारण अंधूक उजेडात त्यांना हल्ली दिसत नाही. परत आले. आंटी येऊन गेली होती, स्टूल अजून खाटेजवळ होतं. मी त्यावर बसले. आईला मऊ भात भरवला, तोंड पुसलं, डोळ्यात थेंब घातले. बाजारात काय होतं ते सांगितलं. बांगडा स्वस्त झाला आये, पण मला काटे काढायचा कंटाळा, म्हणून आणला नाही. ती माझ्याकडे बघत होती. बघत होती म्हणजे तिचे डोळे माझ्या दिशेला होते.

ह्या सगळ्या काळात मी तिला माझ्यासाठी म्हणून काही विचारलं नव्हतं. लोकांसमोर विचारलं ते लोकांना खोटं पाडायला. तो शब्द पोकळ आहे हे गावभर मीच ओरडून सांगितलं होतं, मीच सिद्ध करून दाखवलं होतं, आणि ते खरंच आहे.

मी तिचा डावा हात हातात घेतला. तो तेवढा गरम असतो.

“आये,” मी म्हणाले, “मी तुझा चेडू मा गो?”

“व्हय.”

आता लगेच उलटा प्रश्न विचारायला हवा होता. मी तुझी कोणी नाही ना, असा. गुरुपौर्णिमेला सगळ्यांसमोर विचारला होता तसा. त्याशिवाय पहिल्या उत्तराला किंमत नाही, हे मला कळतं. प्रश्न माझ्या ओठांवर आलाही होता.

मी तो विचारला नाही. उठले आणि चहाचं आधण ठेवलं.